कांद्याचा 'सर्वसाधारण दर' म्हणजे नेमकी कुठली सरासरी?

चाळवाले_दादा

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळतंय, ते विचारतो.

रोज संध्याकाळी मोबाइलवर बाजारभाव येतात. बाजार समितीचं नाव, आवक किती क्विंटल, आणि पुढे क्विंटलमागे रुपयांचे तीन आकडे: किमान, कमाल, सर्वसाधारण. गावच्या ग्रुपवर मात्र एकटा कमालच फिरतो. "आज २१५१ गेला!" असं कुणी टाकलं की दुसऱ्या दिवशी निम्मं गाव चाळी (कांदा साठवायच्या) फोडून ट्रॉल्या भरतं.

परवा मीही गेलो. उन्हाळ कांदा, चाळीतून काढून निवडलेला. माझ्या रांगेत ११ गाड्या होत्या. व्यापारी एकेका गाडीवर चढतात, दोन-तीन कांदे हातात घेऊन मान दाबून बघतात, बोली होते, पुढची गाडी. नंबर यायला वेळ होता म्हणून मी काटापट्टीच्या मागे भाव लिहीत गेलो. चढत्या क्रमाने मांडतो:

५०१, ७००, ९००, १०००, ११००, ११५०, १२००, १२००, १२५१, १३००, २१५१

माझी गाडी ११५० ची. त्या दिवसाचा कमाल भावही आमच्याच रांगेतला निघाला.

घरी आल्यावर हे आकडे ग्रुपवर टाकले. एकाने लगेच उत्तर दिलं, "सरासरी १३२६." माझी मुलगी दहावीला आहे, तिने बेरीज करून ११ ने भागलं तर ११३२ आले. समितीच्या पत्रकात सर्वसाधारण दर १२००. बाजार एक, दिवस एक, आणि 'सरासरी' म्हणून तीन आकडे. यातला खरा कुठला? चाळीत अजून बराच माल आहे. उद्या गाडी भरायची का, हे मी कुठला आकडा बघून ठरवायचं?

मास्तर_गणिताचे

दादा, पावतीच्या मागे लिहिलेले हे ११ आकडे मी उद्या वर्गात फळ्यावर लिहिणार आहे. परवानगी द्या.

आधी १३२६ कुठून आले ते सांगतो. ५०१ आणि २१५१ यांची बेरीज करून निम्मे केले. म्हणजे मधल्या नऊ गाड्या त्या माणसाने पाहिल्याच नाहीत. ही सरासरी नव्हे. दोन टोकांच्या मधला बिंदू, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या रांगेत १३०० च्या वर एकच गाडी गेली आणि हा आकडा सांगतो की बाजार १३२६ चा.

आता पुस्तकातली तीन परिमाणं. मुलीच्या दहावीच्या बीजगणितात शेवटचं प्रकरण सांख्यिकीचं आहे, त्यातच आहेत.

मध्य: बेरीज १२४५३, भागिले ११, म्हणजे ११३२.
मध्यक: क्रमाने लावल्यावर बरोबर मधला, सहावा. ११५०. तुमचीच गाडी! पाच गाड्या तुमच्यापेक्षा स्वस्त गेल्या, पाच महाग.
बहुलक: सगळ्यात जास्त वेळा आलेला. १२००.

तिन्ही खरे, कारण तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. सगळ्या भावांची बेरीज गाड्यांमध्ये सारखी वाटली तर एकेकीला किती, हे मध्य सांगतो. मधल्या गाडीला काय मिळालं, हे मध्यक सांगतो. कुठला भाव जास्त वेळा पुकारला गेला, हे बहुलक.

रानवारा

पत्रकातला सर्वसाधारण दर म्हणजे बहुलकच. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट पोर्टलवर हाच रकाना इंग्रजीत 'मोडल प्राइस' म्हणून आहे. मोड म्हणजे बहुलक. ज्या भावाला जास्तीत जास्त व्यवहार झाले तो.

खातेवही

रानवारा यांच्याशी सहमत, थोडी भर घालतो. मी एका बाजार समितीत नोकरी केली, आता निवृत्त आहे. सर्वसाधारण दर काढताना तेव्हा कुणी सूत्र मांडून बसत नसे. लिलाव संपला की पावत्यांचा गठ्ठा समोर यायचा. त्यावरून हात फिरवताना कळायचं की आज माल बाराशेच्या आसपास गेला. जिथे जास्त क्विंटल पडलेत तो भाव लिहायचा. नजर बसलेला माणूस असला की आकडा चांगला यायचा. नवखा असला की किमान-कमालच्या मधला काहीतरी लिहून मोकळा. म्हणून दादा, त्या आकड्यावर विश्वास ठेवा, पण तो ५० रुपये इकडेतिकडे असू शकतो हेही धरून चला.

आणि एक महत्त्वाचं. गाड्या मोजू नका, क्विंटल मोजा. नऊ क्विंटलची पिकअप आणि तीस क्विंटलची ट्रॉली यांना एकाच मापाने कसं मोजणार?

चाळवाले_दादा

खातेवही काका, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वजनंही बऱ्यापैकी माहीत आहेत, काट्यावर आम्ही सगळे पुढेमागेच होतो. त्याच क्रमाने क्विंटलमध्ये देतो:

८, १८, २५, २८, २२, ३०, ३०, २६, २४, २०, ९

५०१ वाली नुसती गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, होती. आणि ती २१५१ वाली खरंच छोटी पिकअप. पण काय माल होता! एकसारखा गोळा, डबल पत्ती (वर दुहेरी साल), रंग असा की ऊन पडल्यावर चमकत होता. व्यापारी तिच्याभोवती जास्त वेळ थांबले.

मीरा_पुणे

मी संख्याशास्त्राची आहे. (शाळेत सांख्यिकी आणि विद्यापीठात संख्याशास्त्र का, हा वेगळा धागा होईल.) काकांनी सांगितलं ते करून पाहिलं. एकूण माल २४० क्विंटल, एकूण रक्कम २,६८,३९१ रुपये. भारित सरासरी १११८.

१२०० भावाने ५६ क्विंटल गेला, इतर कुठल्याही एका भावाला एवढा माल नाही. म्हणजे वजनाने मोजला तरी बहुलक १२००, समितीच्या माणसाची नजर बरोबर होती. मध्यक वजनाने काढला तरी ११५० च.

आता एक गंमत बघा. ती २१५१ ची पिकअप रांगेतून काढून टाका. उरल्या १० गाड्या. मध्य ११३२ वरून १०३० वर येतो, १०२ रुपयांनी पडतो. मध्यक ११५० वरून ११२५ वर, फक्त २५ रुपयांनी हलतो. बहुलक तर जागचा हलत नाही. नऊ क्विंटलच्या एका गाडीने अकरा जणांची सरासरी शंभर रुपयांनी उचलून धरली होती.

अपरान्त

+१. पगाराच्या बातम्यांत हेच होतं. कंपनीतला 'सरासरी पगार' वाचून भरती झालेली पोरं पहिल्या महिन्यात हिरमुसतात, कारण वरच्या चार जणांनी सरासरी उचललेली असते. मध्यक विचारायला हवा.

शिवारफेरी

मला हे पटत नाही. मीरा, तुम्ही २१५१ काढून टाकता म्हणजे तो खोटा होता का? तो आकडा कुणी चुकून लिहिलेला नाही. त्या शेतकऱ्याने निवडून, प्रतवारी करून, डबल पत्ती टिकवून माल आणला आणि त्याला तो भाव मिळाला. सगळ्यात जास्त शिकण्यासारखी गाडी ती, आणि तुमचं शास्त्र तिलाच आधी बाजूला काढतं. आम्हाला मध्यकापर्यंतच थांबायला सांगता काय?

मीरा_पुणे

शिवारफेरी, मुद्दा रास्त आहे, आणि मी काढून टाकायला सांगितलंच नाही. सरासरीवर तिचा किती जोर चालतो ते दाखवलं. वेगळी पडलेली नोंद दिसली की ती पुसायची नसते, तिच्याजवळ जाऊन बघायचं असतं. लिहिण्यात चूक झाली का? माल वेगळा होता का? व्यापारी वेगळा होता का? दादांनी बघितलं होतं म्हणून आपल्याला कळलं की माल वेगळा होता.

"वेगळी" म्हणजे किती वेगळी, याला जॉन टुकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने साधा नियम दिला. आकडे क्रमाने लावून चार भाग करा. पहिला चतुर्थक इथे तिसरा आकडा, ९००. तिसरा चतुर्थक नववा आकडा, १२५१. मधल्या निम्म्या गाड्या या दोघांच्या दरम्यान, अंतर ३५१. त्याच्या दीडपट, म्हणजे साधारण ५२७, वरच्या चतुर्थकाच्या वर आणि खालच्याच्या खाली जाऊन कुंपण घाला. वरचं कुंपण १७७८ ला येतं, खालचं ३७३ ला. २१५१ कुंपणाबाहेर आहे. ५०१ आतच आहे, म्हणजे गोल्टीचा तो भाव तेवढा अनपेक्षित नाही.

हेच चित्रात काढलं की बॉक्स प्लॉट होतो. ९०० ते १२५१ एक पेटी, तिच्यात ११५० वर एक रेघ, पेटीच्या दोन्ही बाजूंना मिशा, आणि लांब उजवीकडे एकटा ठिपका. दादा, उद्या गाडी भरायची का, याचं उत्तर मला विचाराल तर त्या पेटीत आहे. "बाजार २१५१" यापेक्षा "निम्मा बाजार नऊशे ते साडेबाराशेत" हे वाक्य तुमच्या जास्त कामाचं.

मास्तर_गणिताचे

पेटीत रेघ मधोमध न येता उजवीकडे सरकलेली आहे, हेही बघा. ९०० ते ११५० हे अंतर २५०, आणि ११५० ते १२५१ फक्त १०१. म्हणजे मधल्यापेक्षा चांगल्या मालाचे भाव जवळजवळ, आणि मधल्यापेक्षा कमी मालाचे लांब लांब पसरलेले. व्यापाऱ्याला चांगला माल ओळखू येतो, त्याचा भाव ठरलेला असतो. हलका माल कितीला न्यायचा हे ज्याच्या त्याच्या मनावर.

काजूबिया

हे शेवटचं वाक्य आमच्या काजूलाही लागू आहे. वाचतेय.

नाशिकचा_सुहास

आमच्या चिरंजीवांची सीईटी झाली. ९१ परसेंटाइल पाहून आजीने पेढे वाटले, "एक्क्याण्णव टक्के!" म्हणून. तिला हे चतुर्थकाचं कसं सांगू?

मास्तर_गणिताचे

आजींना सांगा, १०० मुलं उंचीप्रमाणे रांगेत उभी केली तर नातू ९१ जणांच्या पुढे आहे. त्याची स्वतःची उंची किती, हे त्या आकड्यात नाही. पेढे मात्र बरोबरच वाटले, १०० तल्या ९१ च्या पुढे असणं मोठंच आहे. आणि मध्यक म्हणजे ५० वा शततमक (परसेंटाइल), चतुर्थक म्हणजे २५ वा आणि ७५ वा. सगळी एकाच रांगेची नावं.

सेविका_ताई

आकड्यांच्या या गोष्टी आम्ही अंगणवाडीत रोज करतो, म्हणून लिहायला धीर आला. मी पर्यवेक्षिका आहे.

मुलाचं वजन घेतलं की तक्त्यावर ठिपका देतो. तक्त्यावर वक्र रेषा छापलेल्या असतात. त्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांवरून काढल्यात. मधली रेघ त्या वयाच्या निरोगी मुलांच्या मध्यकाची. तिच्या खाली दोन प्रमाण विचलनांवर एक रेघ, तीनवर आणखी एक. उंचीच्या मानाने वजन तीनच्याही खाली गेलं की ते मूल अतितीव्र कुपोषित, त्याला ताबडतोब उपचार. दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या आत आला तरी तेच.

नवीन सेविका येतात तेव्हा बऱ्याच जणींना वाटतं की मधल्या रेघेच्या खाली गेलेलं प्रत्येक मूल कमी वजनाचं. मग त्या निम्म्या अंगणवाडीला कुपोषित लिहून ठेवतात. मी त्यांना सांगते, मधली रेघ मध्यकाची आहे, निम्मी निरोगी मुलं तिच्या खालीच असणार. आईही घाबरते हो, "बाई, माझं बाळ रेघेखाली" म्हणून रडत येते. तिला रेघांमधला पट्टा बोट ठेवून दाखवावा लागतो: इथून इथपर्यंत सगळी चांगली मुलं. आणि त्याहून मोठं, या महिन्याचा ठिपका मागच्या महिन्याच्या ठिपक्यापेक्षा वर आहे का ते आधी बघायचं.

मीरा_पुणे

सेविका ताई, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला, कारण हाच वाद आपल्याकडे फार मोठ्या पातळीवर झालेला आहे, आणि तो करणारी माणसं महाराष्ट्रातली.

१९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. दरडोई रोज २२५० उष्मांक ज्याला परवडत नाहीत तो गरीब, अशी ती रेषा. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी अशा रेषेवर आक्षेप घेतला. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. त्यांचं म्हणणं असं की २२५० ही गरजेची सरासरी आहे, आणि सरासरी गरज म्हणजे प्रत्येकाची गरज नव्हे. माणसामाणसात गरज बदलते, एकाच माणसाची दिवसादिवसाला बदलते. सगळे पोटभर जेवलेले असले तरी सरासरीच्या खाली पुष्कळ जण दिसणारच. म्हणून रेषा सरासरीवर न ठेवता, सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करून ठेवावी.

दांडेकरांनी याला जोरदार विरोध केला. रेषा एवढी खाली नेली तर खरोखर उपाशी असलेली माणसं मोजणीतून निसटतील, ही त्या बाजूची काळजी. मला दोन्ही बाजू वाचताना एकच गोष्ट दिसत राहते. देशात उपाशी किती, हा आकडा कोट्यवधींनी इकडचा तिकडे होतो, आणि तो मध्य घ्यायचा की मध्य वजा दोन विचलनं, एवढ्यावर होतो.

शिवारफेरी

हे माहीत नव्हतं. सुखात्म्यांचं नाव आम्हाला पीक कापणी प्रयोगामुळे ठाऊक. त्यांनी आणि पानशांनी ती पद्धत बसवली ना?

मीरा_पुणे

हो, व. गो. पानसे आणि सुखात्मे. यादृच्छिक पद्धतीने गाव, मग शेत, मग शेतातला तुकडा निवडायचा, तेवढाच कापून वजन करायचं. तिथेही तुकडा किती मोठा घ्यायचा यावर वाद होता. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस छोट्या तुकड्यांच्या बाजूचे. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची रोपं "आत धरा" म्हणून मोजली जातात आणि उत्पन्न फुगतं.

शिवारफेरी

फुगतंच. आमच्या शेतात सोयाबीनचा १० बाय ५ मीटरचा प्लॉट आखला तेव्हा दोरी कुठल्या ओळीवरून न्यायची यावर अर्धा तास गेला. ओळ आत घेतली तर उत्पन्न जास्त, विम्याची भरपाई कमी. त्या एका ओळीवर सगळ्या महसूल मंडळाचा विमा उभा असतो.

अवकाळी

विमा निघालाच आहे तर पावसाचं सांगतो. हवामान खातं जून ते सप्टेंबर देशाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटीमीटर धरतं, १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून. ९६ ते १०४ टक्के पडला की 'सामान्य'. आता माझा सातारा जिल्हा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि माण तालुक्यात टँकर फिरतात. दोघांची सरासरी काढून जिल्ह्याचा पाऊस चांगला झाला असं छापतात, तेव्हा आमच्या माणमधल्या माणसाने काय समजायचं?

२६ जुलै २००५ आठवतो? सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ च्याही आत. दोन्हींची सरासरी पाचशेच्या आसपास येते. एवढा पाऊस त्या दोन्ही ठिकाणी कुठेच पडला नव्हता.

धागेदोरे

धागा कांद्यावरून सोयाबीनवर, सोयाबीनवरून ढगात गेला. :) पण थांबू नका.

एक शंका. प्रमाण विचलन सगळे म्हणतायत, दादांच्या गाड्यांवर काढून दाखवा ना कुणीतरी. शाळेत सूत्र पाठ केलं होतं, ते कशाचं माप आहे ते कधीच कळलं नाही.

मास्तर_गणिताचे

काढतो. प्रत्येक गाडी मध्यापासून, ११३२ पासून, किती लांब? माझी-तुझी करत वजा-अधिक एकमेकांना खाऊन टाकतात म्हणून प्रत्येक अंतराचा वर्ग. ११५० ची गाडी १८ ने लांब, वर्ग ३२४. ५०१ ची ६३१ ने लांब, वर्ग ३,९८,१६१. २१५१ ची १०१९ ने लांब, वर्ग १०,३८,३६१. सगळ्यांची बेरीज १७,४७,३७५. भागिले ११, मग वर्गमूळ. ३९९ च्या जवळ.

म्हणजे गाड्या मध्यापासून सर्वसाधारणपणे चारशे रुपये इकडेतिकडे. पण त्या बेरजेकडे परत बघा. साडेसतरा लाखांतले जवळजवळ साडेदहा लाख एकट्या पिकअपचे, ५९ टक्के. ती वगळून काढलं तर विचलन २४६. वर्ग केल्यामुळे लांबच्या आकड्याचा आवाज फार मोठा होतो. म्हणून बाजारभावासारख्या एकीकडे शेपूट असलेल्या आकड्यांना मीराताईंची पेटी बरी, आणि उंचीसारख्या दोन्हीकडे सारख्या उतरणाऱ्या आकड्यांना प्रमाण विचलन छान.

टोलनाका

बातम्यांमधले आलेख बघून डोकं फिरतं. परवा एका वाहिनीवर कांद्याचे दोन स्तंभ, काल ११००, आज १२००. आजचा स्तंभ कालच्या दुप्पट उंच! नीट बघितलं तर खालची पट्टी शून्याऐवजी १००० पासून सुरू केलेली.

मास्तर_गणिताचे

१००० पासून मोजलं तर काल १०० आणि आज २००, म्हणून दुप्पट. स्तंभालेखात उंची म्हणजेच आकडा, त्यामुळे तो शून्यापासूनच उभा राहिला पाहिजे. वर्गात मी यावर गुण कापतो.

आयतालेखाचंही सांगून टाकतो, कारण मुलीला परीक्षेत येईल. स्तंभालेखात खांबांमध्ये जागा असते, कारण लासलगाव आणि पिंपळगाव ही वेगवेगळी नावं. आयतालेखात खांब चिकटलेले, कारण भाव सलग वाढत जातो. २०० रुपयांचे वर्ग केले तर दादांच्या गाड्या अशा पडतात: ४०० ते ६०० मध्ये १, पुढे १, १, मग १००० ते १२०० मध्ये ३, १२०० ते १४०० मध्ये ४, मग तीन वर्ग रिकामे, आणि २००० ते २२०० मध्ये १. ते तीन रिकामे वर्ग म्हणजेच ग्रुपवरची अफवा. "बाजार २१५१ पर्यंत गेला" ऐकणाऱ्याला वाटतं की सतराशे, अठराशेलाही गाड्या गेल्या असतील. एकही नाही.

या सारणीवरून पाठ्यपुस्तकातल्या सूत्राने बहुलक काढला तर १२४० येतो. वर्ग ५०० चे केले तर ११८२. मूळ आकड्यांतला १२००. मुलं विचारतात, सर, बरोबर कुठला? आकडे हातात असतील तर वर्ग करूच नका. वर्ग केले की थोडी माहिती हरवते, आणि किती हरवते ते वर्ग किती रुंद यावर.

खातेवही

मास्तर, आमच्या वेळी हे कुणी असं शिकवलं असतं तर पावत्यांचा गठ्ठा मी वेगळ्या नजरेने चाळला असता.

चाळवाले_दादा

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलो. मध्ये निवडणुकीला, म्हणजे कांदा निवडायला, मजूर लावले होते म्हणून वेळ झाला नाही.

तुमचं सगळं वाचून मुलीने एक वही केली. चार रकाने: क्विंटल, भाव, माल कसा, कुणी नेला. मी बाजारात गेलो की रांगेतलं सगळं लिहून आणतो, आता दुसरेही सांगतात. ती घरी ठिपक्यांचा आलेख काढते, खाली भावाची पट्टी आणि प्रत्येक गाडीला एक ठिपका. कागद चाळीच्या दारामागे चिकटवलाय.

आठ दिवसांचे ठिपके पडल्यावर एक गोष्ट दिसली जी मला वीस वर्षांत दिसली नव्हती. एक टेकडी नाहीच, दोन आहेत. एक पाचशे-सहाशेच्या आसपास, एक बाराशेच्या आसपास. मध्ये सातशे ते नऊशेला थोडेच ठिपके. मालाच्या रकान्यात बघितलं तर खालची टेकडी सगळी गोल्टी, वरची सगळी निवडलेला. आणि मधले थोडे ठिपके म्हणजे ज्यांनी गोल्टी आणि मोठा एकाच ट्रॉलीत ओतला ते. त्यात माझ्या मागच्या वर्षीच्या गाड्याही असणार, मी तसाच न्यायचो.

मीरा_पुणे

दादा, दोन कळप एकत्र मोजले की सरासरी नेमकी मधल्या मोकळ्या जागेत पडते. तिथे फारसं कुणी नसतं. हे तुम्ही वहीवरून स्वतः शोधलंत, याचा मला किती आनंद झाला सांगू शकत नाही.

शिवारफेरी

आणि डबल पत्तीवाला?

चाळवाले_दादा

त्याला शोधून काढला, शेजारच्याच तालुक्यातला आहे. काढणीनंतर पातीसकट शेतात किती दिवस सुकवायचा, चाळीत थर किती उंच ठेवायचा, सगळं मोकळेपणी सांगितलं. यंदाच्या रब्बीला तसं करून बघणार. ग्रुपवर कमाल आला तरी चाळ फोडत नाही, आधी पेटी कुठे सरकली ते बघतो. गोल्टी वेगळ्या पोत्यांत.

मास्तर_गणिताचे

मुलीला सांगा, गोल्टीचे ठिपके वेगळ्या रंगाने काढ म्हणावं. दोन टेकड्या लांबूनसुद्धा दिसतील.

चाळवाले_दादा

काल रात्रीच केले तिने, सर. लाल पेन संपला म्हणून हिरव्याने.